महागाईचा ताप आणि व्याजदराची मात्रा

४ मे २०२२ ची दुपार मला चांगली स्मरते. दवाखान्यातील सकाळची गर्दी ओसरली होती, शेवटचे बाळ लस टोचून घेऊन आईच्या खांद्यावर हुंदके देत निघाले होते आणि मी जेवणासाठी उठत होतो. दुपारी दोन वाजता रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर, रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केल्याचे जाहीर केले. त्या दिवशी सेन्सेक्स तेराशेहून अधिक अंशांनी कोसळला. संध्याकाळी आमच्या एका अस्थिरोगतज्ज्ञ मित्राचा दूरध्वनी आला. स्वर त्रासलेला होता. "अरे, शेअर पडले हे समजलं. पण माझ्या गिल्ट फंडातले पैसे कसे कमी झाले? ते तर सरकारी रोख्यांत आहेत. सरकार बुडालं की काय?"

मला हसू आले नाही. हाच प्रश्न नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः विचारला होता, आणि त्याच्या उत्तरासाठी चांगली घसघशीत फी मोजली होती.

बालरोगतज्ज्ञाने रोखे आणि समभाग यांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. अर्थशास्त्रातील माझा अधिकार एका ठेवीदाराचा आणि एका हिशेबनिसाच्या मुलाचा, एवढाच आहे. परंतु आपण डॉक्टर मंडळी आयुष्यभर कमावतो, ते कमावलेले कुठेतरी ठेवतो, आणि रुग्णाला देण्याच्या औषधाबद्दल जितके प्रश्न विचारतो त्याच्या दशांशानेही आपल्या पैशाबद्दल विचारत नाही. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदाची स्थापना केली, त्या बडोद्यातल्या मराठी घरांची बँकेतील मुदत ठेवीवर कुलदैवताइतकी श्रद्धा आहे. शेजारचे गुजराती कुटुंब सकाळी चहाबरोबर बाजारभाव पाहते. आपण पासबुक भरून आणतो. या दोन्ही सवयींना एकाच गोष्टीने धक्का बसू शकतो, आणि ती म्हणजे व्याजदरातील बदल.

प्रथम रोख्यांचे पाहू, कारण सर्वाधिक गैरसमज तेथेच आहेत. समजा सरकारने दहा वर्षांचा शंभर रुपयांचा रोखा काढला आणि त्यावर दरवर्षी सात रुपये देण्याचे कबूल केले. हे सात रुपये आता दहा वर्षे बदलणार नाहीत. उद्या देशातील व्याजदर वाढले आणि सरकारला नव्या रोख्यावर नऊ रुपये द्यावे लागले, तर आपला सात रुपयेवाला जुना रोखा शंभराला कोण घेईल? घेणारा म्हणेल, किंमत उतरवा, म्हणजे मलाही नऊ टक्क्यांचे फळ मिळेल. गणित केल्यास ही किंमत सुमारे ८७ रुपये येते. उलट दर पाच टक्क्यांवर आले तर त्याच रोख्याला ११५ रुपये मोजायला लोक तयार होतात. सरकार बुडालेले नाही, सात रुपये वेळच्या वेळी येत आहेत, मुदतीअखेर शंभरही मिळणार आहेत. तरीही आज विकायला गेलात तर तेरा रुपयांचा खड्डा आहे. व्याजदर वर तर रोख्याची किंमत खाली, आणि दर खाली तर किंमत वर, असा हा सी-सॉचा खेळ आहे.

हा खड्डा किती खोल, हे मुदतीवर ठरते. आमच्या शाखेत मात्रा वजनावर ठरते. तीन किलोच्या बाळाला आणि तीस किलोच्या मुलाला एकच चमचा देणारा डॉक्टर आपण ठेवून घेणार नाही. रोख्याचे 'वजन' म्हणजे त्याची मुदत. सातवरून नऊ टक्के हीच वाढ एक वर्षाच्या रोख्यावर आली तर किंमत ९८ च्या आसपास राहते. दहा वर्षांच्या रोख्यावर ८७ होते. तीस वर्षांच्या रोख्यावर ७९ होते. फंडांच्या माहितीपत्रकात 'ड्युरेशन' नावाचा एक आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो, तो याचसाठी. तो आकडा सात असेल, तर व्याजदर एक टक्का वाढताच फंडाची किंमत साधारण सात टक्के घटते, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. तो आकडा मी २०१३ पर्यंत कधी वाचला नव्हता.

त्या वर्षी माझ्या छोट्या रुग्णालयातील नवजात शिशू कक्ष वाढवायचा होता. नवे वॉर्मर, एक व्हेंटिलेटर, थोडे बांधकाम, असा बेत होता. बारा लाख रुपये बाजूला काढले होते आणि ते सहा-आठ महिन्यांत लागणार होते. एका बँकेतील गुंतवणूक सल्लागाराने मला गिल्ट फंड सुचवला. "साहेब, सरकारी रोखे आहेत, जोखीम शून्य," असे त्याचे शब्द होते. मागील वर्षभराचा परतावाही त्याने तक्त्यात दाखवला. त्याच्यापेक्षा दोष माझा अधिक. कंपनीचा प्रतिनिधी औषधाचे गुणगान करतो तेव्हा दुष्परिणामांचा कागद मागणारा मी, येथे मान डोलावून सही करून मोकळा झालो. ही गोष्ट मे महिन्याच्या सुरुवातीची.

२२ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी तिथल्या संसदेसमोर सूचित केले, की पुढच्या काही बैठकांत आपण रोखे-खरेदी कमी करू शकतो. इतकेच. परंतु त्यानंतर उगवत्या देशांतून पैसा परत जाऊ लागला, रुपया घसरू लागला, आणि १५ जुलैच्या रात्री रुपयाच्या बचावासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना आपत्कालीन कर्ज देण्याचा दर एकदम दोन टक्क्यांनी चढवून १०.२५ टक्के केला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा दर मे महिन्यात सात टक्क्यांच्या किंचित वर होता, तो ऑगस्टमध्ये नऊच्या पुढे गेला. माझ्या बारा लाखांचे मूल्य अकरा लाखांच्याही जरासे खाली आले. वॉर्मरची मागणी नोंदवून झाली होती, कंत्राटदार दारात होता. मी पैसे काढले. सव्वा-दीड वर्ष थांबू शकलो असतो तर दर उतरले, फंड सावरला आणि वर नफाही देऊन गेला. पण अपुऱ्या दिवसांची बाळे सव्वा वर्ष थांबत नाहीत.

माझी चूक गिल्ट फंडात नव्हती. आठ महिन्यांत लागणारा पैसा मी दहा-दहा वर्षे मुदतीच्या रोख्यांत घातला, ही चूक होती. मी एकटाच असा होतो असेही नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक याच दुखण्याने दगावली. ठेवीदारांचे केव्हाही परत मागता येणारे पैसे तिने दीर्घ मुदतीच्या, बुडण्याची भीती नसलेल्या रोख्यांत अडकवले होते. व्याजदर वाढल्यावर रोख्यांची किंमत उतरली, ठेवीदार एकदम दारात आले आणि तोटा सोसून रोखे विकण्याची वेळ आली. मोठमोठ्या पगाराची माणसे जेथे हे विसरतात, तेथे माझे दुःख जरा हलके होते.

येथे एक शंका हमखास विचारली जाते. मग मुदत ठेवीची किंमत का घटत नाही? वास्तविक तीही घटते, फक्त कोणी सांगत नाही. सात टक्क्यांची ठेव ठेवल्यावर बाजारात नऊचा दर झाला तर आपले नुकसान झालेलेच असते. ठेवीचा भाव रोज फळ्यावर लिहिला जात नाही, इतकेच. मुलाचे वजन रोज केले नाही म्हणून त्याचे वाढणे-घटणे थांबत नाही. अर्थात रोज वजन करून आईची झोप उडवण्यातही शहाणपण नाही.

आता समभागांकडे वळू. आमच्या शेजारचे एक गुजराती काका, ज्यांनी चाळीस वर्षे बाजारात काढली आहेत, सारे शास्त्र पाच शब्दांत सांगतात: "व्याज वधे तो बजार घटे." यात तथ्य पुष्कळ आहे. समभागाची किंमत म्हणजे शेवटी त्या कंपनीच्या पुढच्या नफ्याला आज दिलेले मोल. दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांचे आजचे मोल सहा टक्के दराने सुमारे ५६ रुपये येते आणि दहा टक्के दराने ३९ रुपयांहूनही कमी. एक वर्षाने मिळणाऱ्या शंभराचे मोल मात्र ९४ वरून ९१ वर येते, इतकाच फरक. म्हणून ज्या कंपन्यांचा नफा आज हातात आहे त्यांना व्याजवाढ थोडी झोंबते, आणि ज्यांचा नफा दूरच्या भविष्यात आहे त्यांना ती फार झोंबते. २०२२ साली अमेरिकेतील तंत्रज्ञान कंपन्यांनी भरलेला नॅस्डॅक निर्देशांक एक तृतीयांशाने घसरला, त्याचे बरेचसे कारण हेच होते. त्या कंपन्यांचा धंदा एका वर्षात एक तृतीयांश घटला नव्हता. त्यांच्या भविष्याला द्यायचा भाव बदलला होता.

याखेरीज साधी व्यवहारातील कारणेही आहेत. कर्ज महाग झाले की कर्जबाजारी कंपनीचा नफा व्याजात जातो; घर आणि मोटार घेणारा हप्ता पाहून मागे फिरतो; आणि बँकेत बसून आठ टक्के मिळत असतील तर बाजाराची धाकधूक कशाला, असे म्हणणारे वाढतात.

तरीही काकांचे सूत्र मी डोळे मिटून मानत नाही. २००४ ते २००७ या काळात रेपो दर सहा टक्क्यांवरून पावणेआठ टक्क्यांपर्यंत चढत गेला, आणि त्याच काळात सेन्सेक्स सहा हजारांच्या आसपासून वीस हजारांच्या पुढे गेला. कंपन्यांचा नफा व्याजापेक्षा वेगाने वाढत होता. उलट ऑक्टोबर २००८ पासून रिझर्व्ह बँक भराभर दर उतरवत होती; नऊ टक्क्यांचा रेपो दर मार्च २००९ पर्यंत पाचवर आणला होता; तरी बाजार मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गळतच होता. दर का बदलत आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. नाडी जलद चालते आहे एवढ्यावरून मूल खेळून आले आहे की जंतुदोषाने फणफणले आहे, हे ठरवता येत नाही.

बाजार नुसते औषध पाहत नाही, डॉक्टरचा चेहराही वाचतो. ६ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर एकदम अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० टक्के केला, परंतु त्याच वेळी धोरणाचा पवित्रा 'अनुकूल' ऐवजी 'तटस्थ' केला. म्हणजे यापुढे फारसे मिळणार नाही, असे सुचवले. त्यानंतर दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे परतावा दर उतरण्याऐवजी काहीसे चढले. कपात आधीच किमतीत मुरली होती, नवी बातमी होती ती स्वरातली. "काळजीचं काही नाही, पण उद्या परत दाखवा," असे आपण म्हणतो तेव्हा आईला 'पण' नंतरचेच ऐकू येते, तसे हे आहे.

रिझर्व्ह बँक दर वाढवते ती बहुतेक वेळा महागाईसाठी, म्हणून आता या तापाकडे पाहू. ताप हा रोग नव्हे, लक्षण आहे, हे आपण आयांना दिवसातून वीस वेळा सांगतो. किमती वर्षाला तीन-चार टक्के वाढणे हे चालत्या अर्थव्यवस्थेचे साधारण तापमान मानले जाते. आपल्याकडे २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन चार टक्के हे लक्ष्य ठरले, दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांची मोकळीक ठेवून. पारा त्यावर राहू लागला की व्याजदराची मात्रा चढवली जाते. पण पॅरासिटामॉलने जंतू मरत नाहीत, तसे रेपो दर वाढवल्याने शेतात कांदा उगवत नाही आणि आखाती तेल स्वस्त होत नाही. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या आपल्या किरकोळ किमतींच्या निर्देशांकात खाद्यपदार्थांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. त्यामुळे एका पावसाने दगा दिला की पारा चढे. व्याजदर मागणीला आवरतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'महागाई अशीच वाढत राहणार' ही लोकांच्या मनातील खात्री मोडतो. त्याचा गुण यायला वर्ष-दीड वर्ष लागते. लोहाचे औषध सुरू करून चौथ्या दिवशी हिमोग्लोबिन तपासणाऱ्या पालकांसारखी घाई येथे कामाची नाही.

मात्रा कमी पडल्यावर काय होते, हे १९७० च्या दशकातील अमेरिकेने पाहिले. चढत्या महागाईवर तेथे अर्धवट उपचार झाले. दर थोडे वाढवायचे, बेकारी वाढली की घाबरून उतरवायचे. अपुऱ्या प्रतिजैविकानंतर उलटणाऱ्या जंतुदोषासारखी महागाई प्रत्येक वेळी अधिक जोराने परतली. ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष झाले. १९८० च्या वसंतात महागाई चौदा टक्क्यांवर होती. त्यांनी अल्पकालीन व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात जाऊ दिले. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा दर १९८१ च्या शरदात पंधरा टक्क्यांच्या पुढे गेला, म्हणजे जुने रोखे धरून बसलेल्यांची अक्षरशः धूळधाण झाली. १९८२ मध्ये बेकारी दहा टक्क्यांवर पोहोचली. पण १९८३ पर्यंत महागाई चार टक्क्यांखाली आली होती. समभागांची कथा तर अधिक बोधक आहे. डाऊ जोन्स निर्देशांक १९६६ च्या आरंभी हजाराला टेकला होता आणि ऑगस्ट १९८२ मध्ये आठशेच्याही खाली होता. मधल्या सोळा वर्षांत वस्तूंच्या किमती तिपटीच्या आसपास गेल्या होत्या. लाभांश बाजूला ठेवला तर निर्देशांकाची खरी किंमत जेमतेम चौथा हिस्सा उरली होती. 'शेअर महागाईवर मात करतात' हे वाक्य खरे आहे, परंतु कोणती महागाई आणि किती वर्षांत, हे विचारल्याशिवाय ते कोणाला सांगू नये.

त्यानंतर जवळजवळ चार दशके जगातील व्याजदर एकंदरीत उतरत गेले, आणि एका पिढीला वाटू लागले, की शेअर पडले तरी रोखे सांभाळून घेतात. मंदीच्या दुखण्यात ते खरे ठरते, कारण मंदीत दर उतरतात. दुखणेच महागाईचे असले तर दोघेही एकदम आजारी पडतात. जून २०२२ मध्ये अमेरिकेची महागाई ९.१ टक्के झाली, फेडरल रिझर्व्हने भराभर दर चढवले, आणि त्या एका वर्षात तेथील समभागांचा प्रमुख निर्देशांक सुमारे एकोणीस टक्के व रोख्यांचा तेराच्या आसपास खाली आला. रोख्यांना उशी समजून निजलेल्यांच्या डोक्याखालची उशीच गेली.

उलट टोकही विसरू नये. नवजात बाळाच्या बाबतीत तापापेक्षा थंड पडणारे बाळ आपल्याला अधिक धास्ती घालते. जपानचे तसे झाले. डिसेंबर १९८९ च्या अखेरीस निक्केई निर्देशांक ३८,९०० च्या वर होता; नंतर किमती वाढेनात, मागणी उठेना, व्याजदर शून्यावर आणि २०१६ मध्ये शून्याखालीही आणावे लागले. तो जुना उच्चांक ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. म्हणजे केवळ व्याज शून्य झाले की शेअर चढतात, असाही नियम नाही.

हे सारे वाचून मिळवलेले ज्ञान आहे. महागाई आणि व्याज यांची खरी ओळख मला घरातच झाली, ती अण्णांच्या हिशेबाच्या वहीत.

माझे वडील, अण्णा, बडोद्यातील एका खासगी कारखान्यात हिशेबनीस होते. १९९१ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तिवेतन नव्हते, भविष्य निर्वाह निधी आणि उपदान मिळून जे आले त्यातले दोन लाख चाळीस हजार त्यांनी बारा टक्क्यांनी मुदत ठेवीत घातले. महिना २,४०० रुपये व्याज. दांडिया बाजारातील जुने घर, दोन माणसे, स्वच्छ सवयी. संसार व्यवस्थित चालत असे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये घाऊक किमतींची महागाई सतरा टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे बारा टक्के व्याज घेऊनही त्यांची पुंजी झिजतच होती, पण हाती येणारी रक्कम तेवढीच असल्याने ते जाणवले नाही. तो त्यांना झालेला पहिला आजार, आणि तो लक्षणांविना होता.

दुसरा उघड होता. नव्वदच्या दशकाअखेरीपासून दर उतरू लागले. भविष्य निर्वाह निधीचे सार्वजनिक खाते, ज्यावर १९८६ पासून बारा टक्के मिळत, ते जानेवारी २००० मध्ये अकरावर आणि मार्च २००३ मध्ये आठवर आले. बँकांच्या ठेवी सहाच्या आसपास किंवा खाली गेल्या. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा दर अकरावरून पाचाच्या घरात उतरला, आणि ज्यांच्याकडे जुने लांब मुदतीचे रोखे होते त्यांची त्या दोन-तीन वर्षांत दिवाळी झाली. घरकर्जे स्वस्त झाली. मी स्वतः त्याच सुमारास रुग्णालयाच्या जागेसाठी कर्ज घेतले आणि मित्रांना पेढे वाटले. अण्णांच्या ठेवीचे नूतनीकरण मात्र सहा टक्क्यांनी झाले. २,४०० चे १,२०० झाले. दरम्यान किमती दुपटीहून अधिक झाल्या होत्या. १९९१ च्या मानाने त्यांच्या मासिक उत्पन्नाची ताकद चौथ्या हिश्श्याहूनही कमी उरली होती. ज्या घसरणीने माझा हप्ता हलका केला, तिनेच त्यांचे ताट हलके केले, आणि आम्ही दोघे एकाच शहरात, दीड-दोन किलोमीटरवर राहत होतो.

त्यांनी हे कधी बोलून दाखवले नाही. माझ्याकडून पैसे घेणे त्यांना रुचत नसे. आईच्या हातात काही ठेवले तर ते नातवंडांच्या नावे परत येई. २००३ मध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागला होता. नेत्रतज्ज्ञ मित्राकडे जाऊ म्हटले की म्हणत, "अजून पिकला नाही." मी डॉक्टर असून हे वाक्य दीड वर्ष ऐकून घेतले. मित्र फी घेणार नाही हे त्यांना ठाऊक होते, आणि तेच त्यांना नको होते. वही मी पाहिली ती एकदा आई आजारी असताना, औषधांचा खर्च लिहिण्यासाठी. मासिकाची वर्गणी बंद. रिक्षा बंद. एका पानावर पेन्सिलीने 'नेत्र' असे लिहून पुढे रक्कम लिहिली होती आणि ती प्रत्येक महिन्याला पुढच्या पानावर ढकलली होती.

आपल्याला शिकवले जाते की ठेवीत जोखीम नाही. रक्कम परत मिळण्याची जोखीम नाही, हे खरे. पण त्या रकमेत पुढे काय मिळेल, आणि मुदत संपल्यावर ती कोणत्या दराने पुन्हा गुंतवावी लागेल, या दोन्ही जोखमा अण्णांनी पूर्णपणे उचलल्या होत्या आणि त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते. कराचा विचार केला तर आपल्यासारख्या वरच्या करकक्षेतील माणसाची स्थिती याहून फसवी आहे: सात टक्क्यांच्या ठेवीवर तीस टक्के कर आणि उपकर गेला की ४.८ उरतात, आणि महागाई पाच टक्के असेल तर वर्षभर पैसे ठेवून आपण थोडे देणेच लागतो.

मी आता काय करतो, असे तो अस्थिरोगतज्ज्ञ मित्र नेहमी विचारतो. फार काही नाही. पैसा केव्हा लागणार, हे आधी लिहितो. वर्ष-दोन वर्षांत लागणारा पैसा आखूड मुदतीतच राहतो, मग कोणी कितीही सुंदर तक्ता दाखवो. दहा वर्षांनी लागणाऱ्यात समभागांचा मोठा वाटा असतो, आणि ४ मे २०२२ सारख्या दिवशी मी त्याकडे पाहत नाही. ठेवी एकाच तारखेला संपणार नाहीत, अशा वेगवेगळ्या वर्षांत वाटलेल्या असतात, म्हणजे सगळी पुंजी एकाच वाईट दराच्या तावडीत सापडत नाही. पुढचा व्याजदर काय असेल, याचा अंदाज मी करत नाही. तो पगार घेऊन करणाऱ्यांचाही बहुधा चुकतो. मित्राला त्या रात्री एवढेच विचारले, की हे पैसे तुला कधी हवे आहेत? म्हणाला, मुलीच्या शिक्षणाला, सहा वर्षांनी. मग झोप जा, म्हटले.

ऑगस्ट २००४ मध्ये केंद्र सरकारने ज्येष्ठ नागरिकांसाठी बचत योजना आणली. पाच वर्षांची मुदत, नऊ टक्के व्याज, दर तीन महिन्यांनी हाती. अण्णांना ती बातमी मी सांगण्यापूर्वीच ठाऊक होती. टपाल कार्यालयाच्या रांगेत ते स्वतः उभे राहिले, मला सोबत येऊ दिले नाही. जानेवारी २००५ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तीन महिन्यांनी डाव्या डोळ्याची. मित्राने फी घ्यायला नकार दिला तेव्हा बराच वाद झाला. शेवटी भिंगाची किंमत तरी घ्यावी यावर तडजोड झाली. वही अजून माझ्याकडे आहे. त्या जानेवारीच्या पानावर 'नेत्र' हा शब्द या खेपेस शाईने लिहिलेला आहे, पुढे रक्कम आहे, आणि अक्षर मागच्या दोन वर्षांच्या मानाने बरेच लहान झालेले आहे.